एस्तेर साळवेंची काळी चार

रूथचा आवाज तिसऱ्यांदा फाटला आणि भालेराव सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"थांबू या," ते म्हणाले. "रूथ, तुझा दोष नाही. पण आईचा गळा आईबरोबर गेला. सोमवारी पुण्याची एक मुलगी येतेय, मी बोलून ठेवलंय. लीड ती म्हणेल. तू ऑल्टोत उभी राहा."

लीड म्हणजे मुख्य आवाज. ऑल्टो म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. असला तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसला तर आमटीत मीठ नसल्यासारखं लगेच कळतं.

हेडफोन काढून रूथनं नीट वायर गुंडाळली आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. हेडफोन आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. पुण्यातल्या स्टुडिओत माझं आयुष्य गेलं, आता दौंडला मुलाकडे असते. निवृत्त आहे, म्हणजे तेच काम करते, फक्त कुणी वेळेवर चहा आणून देत नाही. भालेराव सर माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्याकडच्या चर्चच्या क्वायरचे जुने मास्तर. त्यांनी क्वायरमधून आठ जण निवडून एक ग्रुप केला होता. वाद्य नाही, सगळं तोंडानं. ग्रुपचं नाव 'आठ डबे'. रेल्वेच्या गावात यापेक्षा वेगळं काय सुचणार.

या आठ डब्यांना एक अल्बम करायचा होता, एस्तेर साळवेंच्या स्मरणार्थ. एस्तेर म्हणजे रूथची आई. रेल्वे कॉलनीत राहायची आणि सोल गायची. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. चर्चमध्ये जन्मलं, मग बाहेर पडून प्रेमाच्या आणि भांडणाच्या गोष्टी करू लागलं, पण देवापुढं गातानाची कळकळ काही सोडली नाही. कॉलनीतल्या शेजाऱ्यांच्या रेकॉर्डी ऐकून एस्तेर हे शिकली आणि मराठीत स्वतःचे शब्द घालून म्हणू लागली. 'सिग्नल लाल आहे तोवर बस ना जवळ' हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं. गाजलेलं म्हणजे दौंड स्टेशनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रूथ सहा वर्षांची असताना एस्तेर गेली. मागं राहिली एक कॅसेट. कॉलनीच्या हॉलमधल्या एका संध्याकाळची, सहा गाण्यांची. तिच्या कॉप्या, कॉप्यांच्या कॉप्या घरोघरी होत्या. भालेराव सरांनी त्याच कॅसेटवरून सगळी गाणी सा-रे-ग-म मध्ये उतरवली आणि आठ आवाजांत वाटून दिली.

किती इमानदारीनं उतरवली ते सांगते. दौंडात एक सवय आहे. बोलता बोलता मालगाडी आली की माणूस वाक्याच्या मध्ये थांबतो, गाडी जाऊ देतो आणि पुढच्या शब्दापासून बोलायला लागतो. कुणाला त्यात काही वाटत नाही. कॅसेटवर चौथ्या गाण्यात एस्तेरही अशीच थांबलीय. 'मी तुझ्या...' मग आख्खी मालगाडी, मग 'वाटेवर'. आठ डबेही तिथं थांबायचे. गाडी नसताना. मी म्हटलं, ही फट काढू या का? तर आठही जण माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी प्रार्थनेतला आमेन काढायला सांगितला.

तर अशी ही माणसं. मूळ पट्टी बदलायची नाही, हा सरांचा नियम. पट्टी म्हणजे गाणं कोणत्या सुरावर उभं करायचं ते. पेटीच्या पट्ट्यांवरून तिला काळी चार, काळी पाच असं म्हणतात. टेपवर शेवटचं गाणं काळी पाचमध्ये होतं. रूथ काळी चारमध्ये सुखानं गाते. काळी पाचला तिचा गळा ताणला जातो आणि शेवटच्या ओळीत फाटतो.

"सर, एक सूर खाली घ्या," मी दोनदा सांगून बघितलं होतं.

"ताई, श्रद्धांजली आहे ही. आपल्या सोयीनं कशी द्यायची?"

रेकॉर्डिंग वडगाव रासाईला चाललं होतं, माझ्या माहेरी. दौंडात किंवा रुळांवरच्याच खुटबावला करायची सोय नाही, दर थोड्या वेळानं गाडी मध्ये गाते. भीमेच्या या काठाला रेल्वे नाही. माझ्या भावाचं, बाळूचं, खताचं गोडाऊन रिकामं होतं. भिंतींना गोधड्या लावल्या, खाली पोती अंथरली. गोधडी आवाज पिते. परदेशी फोमपेक्षा बरी पिते आणि रात्री पांघरताही येते.

बाळू दारात आला. "आक्का, मघाशी त्या बाई वरडल्या, काय चावलं का त्यास्नी?"

"गात होती ती."

"व्हय का," म्हणाला. "मंग ऱ्हाऊ दे."

मी लिंबाखाली गेले. रूथ अंगणवाडीत शिकवते. पन्नाशीला आलीय, पण बोट धरून बसवल्यासारखी बसली होती.

"मावशी, मला वाईट नाही वाटत," ती म्हणाली.

"मग चांगलं आहे."

"वाटतंय," ती म्हणाली. "लहानपणापासून लोक सांगतात, तुझ्या आईचा आवाज असा उंच, घंटेसारखा. तू बापावर गेलीस. आता ते अल्बमवर छापूनच येणार. आईचा अल्बम, त्यात मी मागं ऑल्टोत."

"सोमवारपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नव्हतं. म्हातारपणी असं ठामपणे बोलता येतं आणि कुणी कारण विचारत नाही.

जेवणानंतर मी माझं दुसरं काम काढलं. अल्बमच्या सुरुवातीला एस्तेरचा खरा आवाज काही सेकंद ठेवायचा होता. त्यासाठी मूळ कॅसेट साफ करायची होती. मूळ कॅसेट साळवे आबांकडे, म्हणजे एस्तेरच्या नवऱ्याकडे. निवृत्त ड्रायव्हर, इंजिनचे. ते कॅसेट कुणाच्या हातात देत नाहीत, म्हणून कॅसेटसकट तेच आले होते. साबणाच्या डबीतून त्यांनी ती काढली, मी माझ्या जुन्या डेकमध्ये घातली आणि लॅपटॉपवर उतरवून घेतली. तेवढा वेळ ते शेजारी उभे होते, ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहावं तसे.

टेपवर हम होता. हम म्हणजे ती घूं घूं. विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर जवळ असला की ती टेपवर येते. आपल्या देशातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, म्हणून घूं पन्नासवर आणि पन्नासच्या पटीत सापडते. ती काढायचा फिल्टर मी डोळे मिटून लावू शकते. पन्नासवर लावायचा, घूं जाते, गाणं राहतं.

लावला. घूं गेली नाही.

तरुणपणीची मी इथं असते तर काय केलं असतं ते सांगते, म्हणजे तुमची करमणूक होईल. ती बाई गळ्यात हेडफोन अडकवून कँटीनमध्ये जायची, लोकांनी डॉक्टरीण समजावं म्हणून. एका गायिकेच्या रेकॉर्डिंगमधले सगळे श्वास तिनं कापून काढले होते, स्वच्छ ऐकू यावं म्हणून, आणि मग ती गायिका पाण्याखाली गातेय असं का वाटतं याचा दोन दिवस विचार करत बसली. तिला ही घूं दिसली असती तर तिनं फिल्टर रुंद करून सगळी खरवडून काढली असती आणि हात झटकून भजी खायला गेली असती. हम हा शत्रू, एवढंच तिला ठाऊक होतं.

आता गुडघे दुखतात, भज्यांपर्यंत जाववत नाही. म्हणून मी बसून राहिले आणि घूं नेमकी कुठं आहे ते बघितलं.

छप्पनवर.

आधी वाटलं लॅपटॉप बिघडला. मग वाटलं माझा डेक पळतोय. माझ्या सामानात तपासायची एक कॅसेट असते, तिच्यावर एकच ठरलेला सूर भरलेला आहे. ती लावून बघितली. डेक ठीक होता. मग टेप पहिल्या गाण्यावर नेली. तिथं घूं बावन्नवर. तिसऱ्या गाण्यात चौपन्न. शेवटच्यात छप्पन. घूं गाण्यागणिक वर चढत होती.

वीज अशी चढत नाही. म्हणजे टेप चढत होती.

मी आबांना हाक मारली. "आबा, त्या दिवशी टेपरेकॉर्डर कशावर चालवला होता?"

"सेलवर."

"हॉलमध्ये लाईट नव्हती?"

"लाईट होती. प्लग एकच होता. त्यात गिटारवाल्याचा तो ॲम्प्लिफायरचा डबा."

"सेल नवे होते?"

आबांना प्रश्न आवडला नाही. "नवे कशाला? चांगले होते. दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवले होते."

ज्यांनी हे दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे. थोडा वेळ जोर धरतात, मग बसतात. टेपरेकॉर्डरचे सेल बसायला लागले की भरताना टेप हळूहळू सरकते. पण ती भरत असताना हे कळत नाही. तीच टेप नंतर चांगल्या मशीनवर लावली की ती नेहमीच्या वेगानं पळते आणि भरलेलं सगळं घाईघाईनं, बारीक आवाजात बाहेर पडतं. सेल जितके मेलेले, तितका आवाज उंच.

पन्नासचे छप्पन म्हणजे बरोबर एक पूर्ण सूर. काळी चारची काळी पाच.

मी गोडाऊनमध्ये गेले आणि सरांना सगळं सांगितलं. आठ डबे पोत्यांवर बसून चहा पीत होते. रूथ कोपऱ्यात होती.

सरांनी शांतपणे ऐकलं. मुख्याध्यापक ऐकतात तसं, म्हणजे उत्तर आधीच तयार ठेवून.

"ताई, एस्तेर जसजशी रंगायची तसतसा तिचा आवाज चढायचा. सगळ्या कॉलनीला माहीत आहे. सोलमध्ये तसंच असतं, पट्टी चढवत न्यायची."

"घूं पण रंगायची का?"

कुणीतरी हसलं आणि चहात तोंड घातलं.

"त्या वेळची दौंडची लाईट," सर म्हणाले. "तिचा काय भरवसा? कधी बल्ब फुटायचे, कधी पेटायचे नाहीत."

"तो दाब, सर. दाब कमीजास्त होतो, म्हणून बल्ब फुटतात. हेलकावे वेगळे. ते सगळ्या राज्याची वीजघरं मिळून धरून ठेवतात. किंचित घसरतात, पण छप्पनवर कधी जात नाहीत. गेले असते तर दौंडच काय, मुंबईसुद्धा अंधारात बसली असती."

"मी तिला गाताना ऐकलंय. समोर बसून."

"किती वर्षं झाली?"

"बरीच झाली."

"आणि त्यानंतर टेप किती वेळा ऐकली?"

सर बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. पण पटलं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. आकड्यांनी माणसाला पटतं, असं फक्त आमच्या धंद्यातल्या लोकांना वाटतं.

मी म्हटलं, "मला अर्धा तास द्या. मग सोमवारी कुणालाही बोलवा."

लॅपटॉपवर मी घूंला धरून बसले. युक्ती सोपी आहे. घूं जिथं बावन्नवर आहे तिथं टेपचा वेग तेवढा कमी करायचा, छप्पनवर आहे तिथं त्याहून कमी, म्हणजे सगळीकडं ती पन्नासवर येते. ज्या घूंला आयुष्यभर हाकललं, तिलाच मोजपट्टी म्हणून वापरायचं. घूं सरळ झाली की तिच्याबरोबर पकडलेला आवाजही सरळ होतो.

शेवटच्या गाण्यानंतर टेपवर एक वाक्य आहे. टाळ्या संपल्यावर एस्तेर नवऱ्याला म्हणते, "अहो, बंद करा ते. सेल जातील." सगळ्या कॉलनीला हे वाक्य पाठ आहे. पोरं नाकातून चिमणीसारखा आवाज काढून एकमेकांना म्हणतात. मी आधी ते होतं तसंच लावलं. सगळे हसले. दोघांनी बरोबरीनं म्हटलंही.

मग सरळ केलेलं लावलं.

"अहो, बंद करा ते. सेल जातील."

सगळ्यांच्या माना रूथकडं वळल्या. भालेराव सरांचीही. अगदी ती आत्ता बोलली म्हणून. रूथच्या ओठाला चहाचा कप होता, तोंड बंद होतं, आणि तीसुद्धा दचकून बाजूला बघत होती, आपल्या आवाजात कोण बोललं म्हणून.

आबांचा हात टेबलाकडं गेला. लॅपटॉपच्या कडेनं बोटं फिरवत ते बटण शोधत होते.

"आबा, काय पाहिजे?" मी विचारलं.

"बंद करायला सांगितलं ना तिनं," ते म्हणाले. मग हात मागं घेतला. "सवय."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. गाडी नव्हती तरी.

"पुन्हा लावा," सर म्हणाले.

लावलं. या वेळी आधीचं गाणंही लावलं. आवाज जाड, उबदार, जरा भेगाळलेला. आणि गाणं संथ झालं होतं. वेग कमी केला की नुसता सूर उतरत नाही, चालही उतरते. टेपवर जी बाई लगबगीनं गात होती, ती आता प्रत्येक शब्दावर रेलून, तालाच्या जरा मागं राहून गात होती. सोल ज्याला म्हणतात ते हेच. ताल पुढं उभा असतो आणि गाणारी म्हणते, आले, घाई कसली.

सरांनी पेन्सिल उचलली. कागद पुढं ओढला. मला वाटलं आता काही तरी मोठं बोलणार.

"बासचा आवाज आधीच सगळ्यात तळाचा, तो आणखी खाली जाईल," ते म्हणाले. "जोसेफला शेवटचा सूर लागणार नाही. तो मला नव्यानं बांधावा लागेल. आणि या चालीला श्वासाच्या जागा पण बदलतील."

सरांचं हो म्हणणं असं असतं.

"पुण्याच्या मुलीला कळवा मग," मी म्हटलं.

"तुम्ही कळवा. मला नाही म्हणता येत नाही कुणाला."

"सकाळी रूथला तर नाही म्हणता आलं की."

"ती घरची आहे," सर म्हणाले. मग पेन्सिल कानावर अडकवून रूथकडं बघितलं. "रूथ, उद्या उपासनेनंतर माझ्याकडं ये. काळी चारमध्ये बघू."

"येते," रूथ म्हणाली. कपातला चहा गार झाला होता, तरी तिनं संपवला.

पुढचं सोपं झालं असं समजू नका. सरांनी सहाही गाणी पुन्हा बांधली. आठ डब्यांना जुनी चाल इतकी अंगात मुरली होती की दोन ओळी नीट जायच्या आणि तिसरीत सगळे पळायला लागायचे. संथ गायला दम जास्त लागतो. जोसेफला चक्कर आली, बाळूनं त्याला उसाचा रस पाजला. चौथ्या गाण्यातली मालगाडीची फट मात्र कुणी सोडली नाही. नव्या चालीत ती आणखी लांबली. प्रत्येक लढाई लढायची नसते.

रूथनं शेवटचं गाणं पहिल्या दिवशी बिघडवलं. गळा फाटला नाही, उलट फारच गोड लागला. ती अजून टेपवरच्या बाईची नक्कल करत होती, आवाज बारीक करून.

मी काचेपलीकडून नाही, गोधडीपलीकडून ओरडले. गोडाऊनला काच कुठली. "रूथ, अंगणवाडीतलं पोर कुंपणावर चढलं तर कशी हाक मारतेस?"

"जोरात मारते."

"त्या गळ्यानं म्हण. जोर कमी कर, गळा तोच ठेव."

पुढचा टेक आम्ही ठेवला. टेक म्हणजे एकदाचं सलग गाणं. त्यात एके ठिकाणी तिचा श्वास ऐकू येतो, मोठा, ओढून घेतलेला. सर म्हणाले, हा काढता येईल का? मी म्हटलं, येईल, पण मी काढणार नाही. श्वास कापणारी बाई केव्हाच रिटायर झाली.

बाळू दारात उभा राहून पूर्ण गाणं ऐकत होता. "आता बरं वाटतंय," म्हणाला. "मघाशी... म्हंजी त्या दिशी, लई ताणत व्हत्या बाई."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मला वाटलं तसंच असतंय तुमच्यात."

अल्बम चर्चच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवला. चहा-बिस्किटं होती, भाषण एकच झालं आणि तेही सरांचं, त्यामुळे व्याकरण शुद्ध होतं. आबा पहिल्या रांगेत बसले होते. शेवटच्या गाण्यापर्यंत त्यांनी मान हलवली नाही. मग शेजारच्याला एवढंच म्हणाले, "ही जेवायला बोलवायची ना, तवा हाच आवाज."

सगळ्यांना आवडला असं नाही. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. टेपवरची मजा नाही म्हणाले. फार संथ आहे म्हणाले. मी दोघाचौघांना घूं समजावून सांगितली. त्यांनी बिस्किटं खात खात ऐकली आणि पुन्हा म्हणाले, टेपवरची मजा नाही. चाळीस वर्षं जे कानात बसलंय ते एका संध्याकाळी उठवता येत नाही, आणि त्यांनी का उठवावं?

कॉलनीतल्या एक वयस्कर बाई रूथचा हात धरून म्हणाल्या, "छान गायलीस गं. पण तुझ्या आईचा आवाज केवढा उंच होता. तू बाई बापावर गेलीस."

मी पुढं व्हायला निघाले होते. तोंडात अर्धं बिस्किट होतं, तरीही.

रूथच बोलली. "तो टेपचा आवाज होता, काकू. आईचा माझ्यासारखा होता."

बाईंना ते पटलं की नाही माहीत नाही. त्या दुसरा चहा घ्यायला गेल्या. रूथ तिथंच उभी होती आणि तिला पुढं काही सांगायचं नव्हतं.

धंद्यात मी एवढंच शिकले. एखाद्याला सूर झेपत नाही असं जाहीर करायच्या आधी, तो सूर कुठल्या मशीननं ठरवलाय ते एकदा मोजून घ्यावं. मोजायला एक दुपार लागते. पटवायला त्याहून जास्त लागते, आणि काही जणांना पटत नाहीच. त्यांच्यासाठी जुनी टेप आहे. आबांकडे, साबणाच्या डबीत.